लिब्सची शोधमर्यादा: एकाच मोजणीतून चार आकडे का येतात, आणि त्यांतला कोणता लिहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोलादातलं अल्प क्रोमियम लिब्सने मोजायचं आहे, म्हणजे लेसरने पृष्ठभागावर प्लाझ्मा पेटवून त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातून. रेषा क्रोमियमची ४२५.४३ नॅनोमीटरची. शोधमर्यादेचं, म्हणजे जेवढ्या कमी संहतीपर्यंत मूलद्रव्य ओळखता येतं त्या मर्यादेचं, सूत्र सगळीकडे एकच दिसतं: तीन सिग्मा (मोजणीतल्या चढउताराचं प्रमाण विचलन) भागिले कॅलिब्रेशनचा उतार (दर पीपीएमला सिग्नल किती वाढतो). पण सिग्मा कुठून उचलला त्यावर उत्तर कधी ९ पीपीएम (दहा लाखांत ९ भाग), कधी १२, कधी ३८, तर कधी थेट १०० पीपीएम येतं. मोजणी तीच, यंत्र तेच. मग खरा आकडा कोणता?

उत्तर १२ पीपीएम. पण तो का, हे समजलं नाही तर पुढच्या नमुन्याला पुन्हा हाच घोळ होईल. म्हणून आधी चारही आकडे कसे आले ते बघू.

समजा प्रत्येक मोजणी म्हणजे १०० शॉटची सरासरी. रेषेवर ५ पिक्सेलची खिडकी, तिच्यातल्या काउंटची बेरीज आणि त्यातून वजा केलेली पार्श्वभूमी. अशा निव्वळ सिग्नलचा उतार दर पीपीएमला १२ काउंट आहे. शुद्ध लोखंडाच्या ब्लँकवर, म्हणजे क्रोमियम नसलेल्या नमुन्यावर, त्याच खिडकीतली पार्श्वभूमी ४,००० काउंट आहे. आता सिग्मा चार ठिकाणांहून घेता येतो.

पहिली जागा: एकाच सरासरी वर्णपटात रेषेच्या शेजारी जो रिकामा भाग असतो, त्यात तेवढ्याच रुंदीच्या खिडक्या सरकवून त्यांच्यातला चढउतार बघणं. तो ३५ काउंट. तिप्पट करून १२ ने भागलं की ८.७५, म्हणजे ९ पीपीएम. दुसरी जागा: एकेका शॉटमधली कच्ची पार्श्वभूमी. ती शॉटगणिक दहा टक्क्यांनी हलते, म्हणजे ४०० काउंट, म्हणून १०० पीपीएम. तिसरी: ० ते ५०० पीपीएमच्या कॅलिब्रेशन रेषेभोवतीचं अवशिष्ट विचलन, १५० काउंट, म्हणून ३८ पीपीएम. चौथी: ब्लँकच्या दहा वेगवेगळ्या जागांवर प्रत्येकी १०० शॉट मारून, पार्श्वभूमी वजा करून मिळालेल्या दहा निव्वळ आकड्यांचं प्रमाण विचलन. ते ४८ काउंट, म्हणून १२ पीपीएम.

शोधमर्यादा ही मूलद्रव्याची नसते आणि यंत्राचीही नसते. ती संपूर्ण मोजणीपद्धतीची असते. नमुन्यावर जे जे केलं जातं, तितके शॉट, तशी जागाबदल, तीच खिडकी, तीच वजाबाकी, ते सगळं ब्लँकवर करून जो शेवटचा आकडा निघतो, त्याचा चढउतार म्हणजे सिग्मा. अहवालात पोहोचणारा आकडा १०० शॉटच्या निव्वळ सरासरीचा असेल, तर सिग्माही तिचाच हवा. या कसोटीला फक्त चौथा सिग्मा उतरतो.

बाकीचे तीन कुठे चुकतात तेही कामाचं आहे. ९ पीपीएमवाल्या सिग्मात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना होणारा बदल नाही. नमुना किंचित कललेला असणं, फोकस सरकणं, पॉलिशमधला फरक, यांतलं काहीच एका वर्णपटात दिसत नाही. शिवाय पिक्सेलपिक्सेलमधला चढउतार हा सगळाच गोंगाट नसतो. लोखंडाच्या बारीक रेषा आणि डिटेक्टरच्या पिक्सेलांची असमान संवेदनशीलता त्यात मिसळलेली असते. हे नक्षीकाम कितीही शॉटची सरासरी घेतली तरी कमी होत नाही. लोखंडासारख्या रेषांनी खच्चून भरलेल्या वर्णपटात त्यामुळे हाच सिग्मा फुगतो, आणि काचेसारख्या मोकळ्या वर्णपटात तो खोटा लहान दिसतो. त्याची दिशासुद्धा भरवशाची नाही, हा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप.

१०० पीपीएमच्या आकड्यात दोन चुका एकत्र आहेत: सरासरी घेतलेली नाही आणि पार्श्वभूमी वजा केलेली नाही. लेसरची ऊर्जा कमीजास्त झाली की अख्खा वर्णपट एकदमच वरखाली होतो. त्यातला बराच हिस्सा वजाबाकीत निघून जातो. वजाबाकी न करता १०० शॉटच्या सरासऱ्या तपासल्या आणि त्यांचं विचलन समजा ९० काउंट आलं, तर त्यातूनच कळतं की नुसती सरासरी पुरेशी नाही. शॉट एकमेकांपासून स्वतंत्र असते तर ४०० भागिले १०, म्हणजे ४० यायला हवे होते. उरलेला फरक जागेजागेचा आणि हळूहळू होणाऱ्या सरकण्याचा.

३८ पीपीएमच्या आकड्यात कॅलिब्रेशन रेषेच्या वरच्या टोकाचा गोंगाट खालच्या टोकाला चिकटवला जातो. लिब्समध्ये त्रुटी संहतीबरोबर वाढते. ५०० पीपीएमला ६,००० काउंटचा सिग्नल असेल आणि तो तीन टक्के हलत असेल, तर तिथेच १८० काउंटचं विचलन आहे. अवशिष्ट विचलनावर तेच बिंदू राज्य करतात. शून्याजवळ काय चाललंय याच्याशी त्याचा संबंध नाही.

तीन सिग्मा म्हणजे नक्की काय ठरतं

इथे एक गोष्ट सर्रास सुटते. १९६८ साली लॉइड करी यांनी दोन मर्यादा वेगळ्या करून दाखवल्या. एक निर्णयमर्यादा: सिग्नल हिच्यावर गेला तर ‘मूलद्रव्य आहे’ असं म्हणायचं. दुसरी शोधमर्यादा: खरी संहती एवढी असेल तर आपण ती चुकवणार नाही, अशी खात्री देणारी. दोन्हीकडची चूक पाच टक्क्यांवर ठेवायची असेल तर पहिली १.६४५ सिग्मा आणि दुसरी ३.२९ सिग्मा. आपल्या उदाहरणात ७९ काउंट, म्हणजे ६.६ पीपीएम, आणि १५८ काउंट, म्हणजे १३.२ पीपीएम.

आता रोजच्या वापरात काय होतं बघा. तीन सिग्माने शोधमर्यादा १२ पीपीएम ठरवली जाते आणि मोजलेला आकडा १२ च्या खाली आला की ‘आढळले नाही’ असं लिहिलं जातं. म्हणजे शोधमर्यादाच निर्णयमर्यादा म्हणून वापरली. ज्या नमुन्यात खरोखर १२ पीपीएम आहे, त्याचे अर्धे आकडे १२ च्या खाली येणार. अशा नमुन्याला निम्म्या वेळा ‘आढळले नाही’ असा शेरा मिळेल. खोटी हाक फार क्वचित, हजारात एकदोनदा, पण हुकणं पन्नास टक्के. सुरक्षिततेच्या कामात हा सौदा अगदी उलटा पडतो. म्हणून निर्णय ६.६ वर घ्या आणि क्षमता १३ सांगा. दोन आकडे द्यायला संकोच वाटायचं कारण नाही.

दहाच ब्लँक घेतले असतील तर आणखी एक दुरुस्ती लागते. सिग्मा स्वतःच अंदाज आहे, म्हणून १.६४५ ऐवजी स्टुडंटच्या टी कोष्टकातला ९ स्वातंत्र्यमात्रांचा (मोजण्यांच्या संख्येहून एक कमी) एकतर्फी आकडा, १.८३३, घ्यायचा. ब्लँकची सरासरीही अंदाजच आहे, म्हणून √(१ + १/१०), म्हणजे १.०४९ ने गुणायचं. निर्णयमर्यादा ९२ काउंट होते, म्हणजे ७.७ पीपीएम, आणि शोधमर्यादा साधारण तिच्या दुप्पट, १५.४ पीपीएम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीत सात आवृत्त्या (तीच मोजणी सात वेळा) आणि ३.१४३ हा गुणक वापरतात, तोही टी कोष्टकातलाच, ६ स्वातंत्र्यमात्रा आणि ९९ टक्क्यांसाठी.

दहा आवृत्त्यांवरून काढलेला सिग्मा किती डळमळीत असतो, हे एकदा डोळ्यांखालून घाला. ९५ टक्के विश्वासाने खरा सिग्मा काढलेल्याच्या ०.६९ पट ते १.८३ पट यांत कुठेही असू शकतो. आपले १२ पीपीएम म्हणजे खरं तर ८ ते २२. सात आवृत्त्यांत हीच पट्टी ०.६४ ते २.२ पर्यंत ताणते, वीस घेतल्या तर ०.७६ ते १.४६ होते. दोन यंत्रांच्या शोधमर्यादा ११ आणि १४ असतील आणि दोन्ही दहा ब्लँकवरून काढल्या असतील, तर त्यांत सांगण्यासारखा फरकच नाही. आणि ‘११.८३ पीपीएम’ असं दशांशासकट लिहिणं सोडून द्यावं. एकच, फार तर दोन सार्थ अंक.

ब्लँक आणायचा कुठून

लिब्समधली खरी अडचण सूत्राची नाही, ब्लँकची आहे. द्रावणांच्या कामात शुद्ध आम्ल हा ब्लँक चालतो. इथे प्लाझ्माचं तापमान, खणून निघणारं वस्तुमान, पार्श्वभूमी, सगळं मॅट्रिक्सवर, म्हणजे नमुन्याच्या मूळ पदार्थावर, अवलंबून असतं, म्हणून ब्लँकही त्याच मॅट्रिक्सचा हवा. पोलादासाठी अतिशुद्ध लोखंड मिळतं. मातीसाठी क्रोमियमशिवायची माती मिळत नाही. काचेसाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या ६१० ते ६१७ या मालिकेत अल्प मूलद्रव्यांच्या नाममात्र पातळ्या ५००, ५०, १ आणि ०.०२ पीपीएम अशा उतरत्या आहेत. तिथे शेवटची काच बहुतेक मूलद्रव्यांसाठी लिब्सच्या नजरेत ब्लँकच.

ब्लँक नसेलच तर दोन मार्ग. एक, सर्वांत कमी संहतीचे तीनचार नमुने घेऊन प्रत्येकाचं दहादहा आवृत्त्यांतलं विचलन काढा आणि ते संहतीविरुद्ध मांडून शून्यापर्यंत मागे ओढा. दुसरा, रेषेच्या जवळच जिथे खात्रीने कोणाचीच रेषा नाही अशा जागी तेवढीच खिडकी ठेवून, तशीच वजाबाकी करून ‘खोटी रेषा’ मोजा. विचलन मात्र आवृत्त्यांमधलं काढायचं, एका वर्णपटातलं नाही. दुसरा मार्ग सोयीचा आहे, पण रेषेच्या खालीच दुसऱ्याची रेषा दडलेली असेल तर तिचा गोंगाट तो पकडत नाही.

ब्लँकचा निव्वळ सिग्नल शून्य न येता समजा १४० काउंट आला, तर त्याचा अर्थ दोनपैकी एक. ब्लँकमध्ये खरोखरच सुमारे १२ पीपीएम क्रोमियम आहे, किंवा लोखंडाची एखादी रेषा खिडकीत डोकावते आहे. हे ओळखायला क्रोमियमचं त्रिकूट कामी येतं: ४२५.४३, ४२७.४८ आणि ४२८.९७ नॅनोमीटर. तिन्ही रेषांची स्वतंत्र कॅलिब्रेशनं काढा आणि प्रत्येकीचा छेद (शून्य संहतीला दिसणारा सिग्नल) तिच्याच उताराने भागून पीपीएममध्ये आणा. तिन्ही आकडे जवळपास जुळले तर ब्लँकमध्ये क्रोमियम आहे. एकच रेषा वेगळं बोलत असेल तर तिथे घुसखोरी आहे. ४२७.४८ च्या शेजारी लोखंडाची ४२७.१८ ची ठळक रेषा आहे. स्पेक्ट्रोमीटरचं विभेदन (किती जवळच्या रेषा वेगळ्या दिसतात ते) ०.३ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर तिचा पाय क्रोमियमच्या खिडकीत येणारच.

अशा घुसखोरीची नेहमीची उदाहरणं लक्षात ठेवलेली बरी. पोलादातला कार्बन २४७.८६ नॅनोमीटरवर मोजायला गेलं की लोखंडाची रेषा जवळजवळ त्याच जागी बसलेली असते, म्हणून १९३.०९ ची रेषा घेतात. पण त्या तरंगलांबीला हवेतला ऑक्सिजन प्रकाश गिळतो, त्यामुळे प्रकाशाचा सगळा मार्ग आर्गॉन किंवा नायट्रोजनने भरावा लागतो. फॉस्फरसच्या २१३.६२ शेजारी तांबं आणि २५३.५६ शेजारी लोखंड. कॅडमियम २२८.८० आणि आर्सेनिक २२८.८१ तर एकमेकांच्या अंगावरच. अशा ठिकाणी शोधमर्यादा गोंगाटाने ठरत नाही, शेजाऱ्याची दुरुस्ती किती अचूक होते त्याने ठरते. तीन सिग्माचं सूत्र तिथे लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

उतार

उतार कमी संहतीच्या टोकाचाच हवा. ४२५.४३ ही रेझोनन्स रेषा आहे, म्हणजे तिची खालची पातळी अणूची मूळ स्थितीच असते. अशा रेषा कमी संहतीला सर्वांत तेजस्वी असतात आणि जास्त संहतीला सर्वांत आधी वाकतात, कारण प्लाझ्माच्या बाहेरच्या थंड थरातले अणू आतून आलेला प्रकाश शोषून घेतात. एक टक्का क्रोमियमपर्यंतचे नमुने घेऊन सरळ रेषा ओढली की उतार कमी येतो, छेद कृत्रिमपणे वर जातो आणि शोधमर्यादा वाईट दिसते. अंदाजी शोधमर्यादेच्या दहापंधरा पटींत राहा. इथे ०, २०, ५०, १०० आणि २०० पीपीएम पुरेसे आहेत. वर्गसहसंबंध गुणांक ०.९९९ आला म्हणून खूश होऊ नका, तो वरच्या एकदोन बिंदूंनीच ठरलेला असतो. १/विचलनवर्ग असं वजन देऊन रेषा ओढली तर खालचे बिंदू आपलं म्हणणं मांडू शकतात.

शॉटची संख्या, डिटेक्टरची वर्धनपातळी (गेन), लोखंडाच्या रेषेने केलेलं सामान्यीकरण, यांतलं काहीही बदललं की उतार आणि सिग्मा दोन्ही पुन्हा काढा. उतार गुणोत्तराच्या एककात आणि सिग्मा काउंटमध्ये, अशी खिचडी आश्चर्य वाटावं इतक्या वेळा झालेली दिसते.

सामान्यीकरणाबद्दल एक इशारा. लोखंडाच्या रेषेने भागलं की जास्त संहतीचे आकडे सुंदर जुळतात, कारण तिथला गोंगाट गुणाकाराचा असतो. शोधमर्यादेजवळ निव्वळ सिग्नल जवळपास शून्य असतो. शून्याला कशानेही भागलं तरी त्याच्याखालच्या पार्श्वभूमीचा गोंगाट हटत नाही. सामान्यीकरणाने शोधमर्यादा फारशी सुधारली नाही, तर पद्धत बिघडली असं समजू नका.

१२ चे ६ कसे करायचे

त्यासाठी शोधमर्यादेचे दोन तुकडे करा. पार्श्वभूमी भागिले उतार, ४,००० भागिले १२, म्हणजे ३३३ पीपीएम: पार्श्वभूमी जितक्या क्रोमियमएवढी दिसते ती संहती. आणि सिग्मा भागिले पार्श्वभूमी, ४८ भागिले ४,०००, म्हणजे १.२ टक्के. ३ × ०.०१२ × ३३३ केलं की पुन्हा १२ पीपीएम. पहिला तुकडा प्लाझ्माने आणि वेळेने सुधारतो, दुसरा आकडेमोडीने आणि स्थैर्याने.

वेळेपासून सुरुवात करू. नॅनोसेकंद लेसरच्या प्लाझ्मात पहिले काहीशे नॅनोसेकंद नुसता अखंड पांढरा प्रकाश असतो, इलेक्ट्रॉनांचा वेग मंदावताना आणि ते आयनांशी पुन्हा जुळताना निघणारा. तो झपाट्याने विझतो, अणुरेषा मात्र टिकतात. म्हणून गेट (डिटेक्टर प्रकाश टिपतो तो काळ) उशिरा उघडतात, हवेत बहुतेकदा ०.५ ते २ मायक्रोसेकंदांनी. हे ठरवताना सिग्नल आणि पार्श्वभूमी यांचं गुणोत्तर बघून थांबू नका. ते गुणोत्तर उशीर वाढवत नेला तरी वाढतच राहतं, पण तोवर सिग्नल इतका मंद होतो की डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट वरचढ ठरतो. बघायचं ते सिग्नल भागिले ब्लँकचा सिग्मा. २०० पीपीएमचा नमुना आणि ब्लँक घ्या. ०.५, १, १.५, २ आणि ३ मायक्रोसेकंद अशा उशिरांना प्रत्येकी दहा आवृत्त्या करा, आणि जिथे हे गुणोत्तर सर्वांत मोठं तिथे थांबा. मग त्याच उशिराला गेटची रुंदी २, ५ आणि १० मायक्रोसेकंद करून बघा. साध्या सीसीडीच्या स्पेक्ट्रोमीटरात उघडा काळ मिलिसेकंदाच्या घरातला असतो, तिथे रुंदी हातात नसते, फक्त उशीर.

गोंगाट कोणत्या जातीचा आहे हेही कळायला हवं. प्रकाशाच्या वाटेत वेगवेगळ्या घनतेचे न्यूट्रल फिल्टर ठेवून ब्लँकची पार्श्वभूमी आणि तिचा सिग्मा मोजा, दोन्ही लॉग कागदावर मांडा. चढ शून्याच्या आसपास असेल तर डिटेक्टरचा वाचनगोंगाट, अर्ध्याजवळ असेल तर फोटॉनांचा, एकाजवळ असेल तर प्लाझ्माच्या हलण्याचा. वाचनगोंगाट असेल तर अनेक शॉट चिपवरच साठवून एकदाच वाचा. फोटॉनांचा असेल तर प्रकाश जास्त गोळा करा, फाट किंचित रुंद करा. हलण्याचा असेल तर या दोन्हींचा उपयोग नाही. मग लेसर तापून स्थिर होईपर्यंत थांबा, नमुन्याची उंची नीट धरा, भिंगाचा फोकस पृष्ठभागाच्या किंचित खाली न्या. फोकस पृष्ठभागावर किंवा वर राहिला तर मधल्या धुळीवर हवेतच प्लाझ्मा पेटतो, आणि तो शॉट वाया जातो.

किती शॉट मारायचे, हेही मोजूनच ठरतं. ब्लँकवर १,००० शॉट साठवून ठेवा, त्यांचे ५, १०, २०, ५० आणि १०० चे गट करा आणि गटसरासरीचं विचलन मांडा. सुरुवातीला ते वर्गमुळाच्या नियमाने उतरतं, मग सपाट होतं. सपाटी जिथे लागते त्याच्यापुढचे शॉट वेळ खातात, शोधमर्यादा हलवत नाहीत. एकाच खड्ड्यात मारत राहिलात तर सपाटी लवकर येते, कारण खड्डा खोल होतो तसा प्लाझ्माचा आकारच बदलतो. तेच १०० शॉट दहा जागांवर दहादहा मारले तर बहुधा फायदा दिसेल. प्रत्येक जागेचे पहिले काही शॉट, धातूवर दहाएक, पृष्ठभाग साफ करण्यासाठी टाकून द्या.

आता वजाबाकी, जिच्याकडे फार कमी जण बघतात. रेषेवर प इतके पिक्सेल आणि पार्श्वभूमीसाठी म इतके पिक्सेल घेतले, तर निव्वळ सिग्नलचा गोंगाट एका पिक्सेलच्या गोंगाटाच्या √(प + प²/म) पट होतो. रेषेवर ५ आणि पार्श्वभूमीवरही ५ घेतले तर ३.१६ पट. पार्श्वभूमीवर २० घेतले तर २.५ पट. आपल्या उदाहरणात एका खिडकीचा गोंगाट ३५ होता. २० पिक्सेलची पार्श्वभूमी धरली तर वजाबाकीनंतर ३९ आणि जागाबदलाचे २८, दोन्ही वर्गांच्या बेरजेने ४८. पार्श्वभूमी ५ च पिक्सेलांवर मोजली असती तर ५७, म्हणजे शोधमर्यादा १४ पीपीएम. यंत्राला हात न लावता दोन पीपीएम मिळाले. पार्श्वभूमीचे पिक्सेल रेषेच्या दोन्ही बाजूंना घ्या आणि तिथे लोखंडाची रेषा नाही हे ब्लँकवर तपासा. रेषेची खिडकीही अर्ध्या उंचीच्या रुंदीच्या आसपास ठेवा. पूर्ण पाय गोळा करायच्या हौसेने ती दुप्पट केली की सिग्नल थोडाच वाढतो आणि गोंगाट बराच.

माती, गाळ, भुकट्या: इथे ब्लँक खोटं बोलतो

एकजीव धातूवर जमलेलं हे सगळं भुकटीच्या गोळीवर अपुरं पडतं, आणि त्याचं कारण एका आकडेमोडीत दिसतं. २०० मायक्रोमीटर व्यासाचा आणि ५ मायक्रोमीटर खोल खड्डा म्हणजे २.७ घनतेच्या मातीचे सुमारे ०.४ मायक्रोग्रॅम. या मातीत क्रोमाइटचा २० मायक्रोमीटरचा एक कण असेल तर त्याचं वस्तुमान १९ नॅनोग्रॅम आणि त्यातलं क्रोमियम सुमारे ९ नॅनोग्रॅम. तो कण ज्या शॉटमध्ये सापडला, त्या शॉटला संहती दिसेल दोन टक्के, म्हणजे २०,००० पीपीएमच्या वर. मातीची सरासरी भले ५० पीपीएम असो. बहुतेक शॉट जवळजवळ रिकामे आणि अधूनमधून एखादा प्रचंड. अशा वितरणावर सामान्य वक्राची सूत्रं चालत नाहीत.

‘बाहेरचे’ शॉट गाळून टाकायची किंवा मध्यक घ्यायची सवय इथे घातक ठरते. गाळलेल्या त्या शॉटमध्येच तर क्रोमियम होतं. ब्लँकमध्ये असे कण नसतात, म्हणून ब्लँकचा सिग्मा छान लहान येतो आणि शोधमर्यादा कागदावर सुरेख दिसते. उपाय एकच: भुकटी ७५ मायक्रोमीटरच्या खाली, जमल्यास त्याहून बारीक दळा, गोळी दरवेळी त्याच दाबाने बनवा, शॉट शेकड्यांनी आणि वेगवेगळ्या जागी मारा, आणि सिग्मा ब्लँकवरून न घेता कमी संहतीच्या खऱ्या नमुन्याच्या वेगवेगळ्या गोळ्यांवरून घ्या. एकाच गोळीच्या दहा जागा आणि दहा गोळ्या यांत मोठा फरक पडतो. बांधणीसाठी सेल्युलोज किंवा मेण मिसळलंत तर तेवढं विरलीकरण शोधमर्यादेत धरा. २० टक्के बाइंडर म्हणजे मूळ मातीच्या हिशेबात शोधमर्यादा सव्वापट. ओलावा राहिला तर प्लाझ्मा थंड पडतो आणि उतारच बदलतो, म्हणून ब्लँक आणि नमुने एकाच वेळी वाळवा.

लेसर आणि मास स्पेक्ट्रोमीटर एकत्र असतील तर

लेसरने खणलेली धूळ आयसीपी-एमएसला, म्हणजे प्लाझ्मात आयन करून त्यांचं वस्तुमान तपासणाऱ्या यंत्राला, पाठवली की शोधमर्यादा लिब्सपेक्षा खूप खाली जाते, पण विचार तोच राहतो. ब्लँक म्हणजे लेसर बंद असतानाचा वायू. इथे शोधमर्यादा प्रत्येक खड्ड्याची वेगळी निघते, कारण खणलेलं वस्तुमान दरवेळी वेगळं असतं. खड्ड्याचा व्यास १०० वरून २५ मायक्रोमीटर केला की क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर येतं आणि त्याच प्रमाणात उतारही.

१९९६ साली लाँगरिच, जॅक्सन आणि ग्युंटर यांनी रूढ केलेल्या सूत्रात तीन सिग्माला √(१/पार्श्वभूमीची वाचनं + १/सिग्नलची वाचनं) ने गुणतात. पार्श्वभूमी भरघोस असेल तर हे ठीक. पण जड समस्थानिकांवर ती सेकंदाला एकदोन काउंट असते, आणि तिथे गाडी अडते. ३० सेकंदांत एकही काउंट आला नाही तर सिग्मा शून्य आणि शोधमर्यादाही शून्य! म्हणून अशा वेळी पॉयसाँच्या हिशेबाचं सूत्र घ्यावं: ३.२९ × √(सिग्नलच्या काळात अपेक्षित पार्श्वभूमीचे काउंट × (१ + सिग्नलकाळ/पार्श्वभूमीकाळ)) + २.७१. हे २.७१ म्हणजे १.६४५ चा वर्ग.

उदाहरणार्थ, वीस समस्थानिक, प्रत्येकी १० मिलिसेकंद, ३० सेकंद वायू आणि ४० सेकंद खोदकाम. स्थिरावण्याचा वेळ धरून एका समस्थानिकाच्या वाट्याला पार्श्वभूमीचे १.३६ आणि सिग्नलचे १.८२ सेकंदच येतात. पार्श्वभूमी सेकंदाला २ काउंट असेल तर अपेक्षित काउंट ३.६४, आणि मर्यादा १२.३ काउंट, म्हणजे सेकंदाला ६.८. दर पीपीएमला सेकंदाला १,००० काउंटची संवेदनशीलता असेल तर ६.८ पीपीबी (एक पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग). जुन्या सूत्राने त्याच मोजणीला ४.८ पीपीबी येतात. यावरून हेही दिसतं की यादीतले निम्मे समस्थानिक कमी केले तर उरलेल्यांची मर्यादा आपोआप खाली येते. ‘असू देत’ म्हणून घेतलेला प्रत्येक समस्थानिक बाकीच्यांचा वेळ खातो.

वायूच्या ब्लँकला एक गोष्ट दिसत नाही: नमुन्याने स्वतः निर्माण केलेला अडथळा. क्रोमियम ५२ वर आर्गॉन ४० आणि कार्बन १२ यांचा जोड बसतो. कार्बोनेट किंवा रेझिनमध्ये रुतवलेला नमुना खणला की ५२ वर सिग्नल वाढतो आणि वायूचा ब्लँक मात्र स्वच्छ असतो. क्रोमियम ५३ सोबत मोजून दोन्हींचं नैसर्गिक गुणोत्तर तपासल्याशिवाय तिथे कमी क्रोमियमवर विश्वास ठेवू नका.

आकडा खरा आहे का, हे तपासणं

सूत्रातून आलेली शोधमर्यादा हे भाकीत आहे, आणि भाकीत तपासता येतं. लिब्सच्या उदाहरणात १५ पीपीएमच्या आसपासचा एक नमुना घ्या आणि तो वेगवेगळ्या दिवशी, इतर नमुन्यांमध्ये मिसळून, वीस वेळा मोजा. निर्णयमर्यादा ७.७ पीपीएम असेल तर वीसपैकी सुमारे एकोणीस वेळा आकडा तिच्यावर यायला हवा. पाच वेळा हुकला तर सिग्मा कमी धरला गेला आहे. बहुतेकदा कारण एकच सापडतं: ब्लँक एकाच बैठकीत मोजलेले असतात आणि नमुने आठवडाभर. दरम्यान खणलेल्या धुळीने भिंगासमोरची काच मळते आणि उतार हळूहळू पडत जातो. रोज एका ठरलेल्या नमुन्यावर उतार तपासा. तो दहा टक्क्यांहून जास्त हलला तर आधी काच पुसा, मग लेसरची ऊर्जा मोजा, आणि त्यानंतरच कॅलिब्रेशनला हात लावा.

पीएलएससारखं बहुचल प्रारूप, म्हणजे एकाच रेषेऐवजी अख्ख्या वर्णपटावरून संहती काढणारं गणित, वापरत असाल तर हीच तपासणी शोधमर्यादेचा खरा आधार आहे, कारण तिथे एकच उतार नसतो. त्याआधी प्रारूपाचे गुणांक तरंगलांबीविरुद्ध मांडून बघा. वजन क्रोमियमच्या रेषांवर नसून निकेलच्या किंवा लोखंडाच्या रेषांवर असेल, तर ते प्रारूप क्रोमियम मोजतच नाही. तुमच्या नमुन्यांत क्रोमियम ज्याच्या सोबतीने वाढतं, ते मोजतं. अशा प्रारूपाची शोधमर्यादा कितीही लहान निघाली तरी ती क्रोमियमची नव्हे.

अहवालात आकड्याबरोबर एवढं तरी द्या: मॅट्रिक्स, रेषा, लेसरची तरंगलांबी आणि ऊर्जा, गेटचा उशीर आणि रुंदी, एका मोजणीतले शॉट आणि जागा, ब्लँक कोणता व किती आवृत्त्या, सिग्मा निव्वळ सिग्नलचा आहे का, उतार कोणत्या पल्ल्यातला, आणि गुणक ३ की ३.२९ की टी. मोजमापाची मर्यादा, म्हणजे जिच्यापासून वर आकडा विश्वासाने सांगता येतो ती संहती, द्यायची असेल तर १० सिग्माने ती इथे ४० पीपीएम येते. पण तिथे दहा टक्के अचूकता गृहीत धरू नका, कारण प्लाझ्माच्या पाचएक टक्के हलण्याची भर पडून प्रत्यक्षात ती अकरा टक्के होते. आणि निर्णयमर्यादेखालचा आकडा शून्य किंवा ‘मर्यादेच्या निम्मा’ करून लिहू नका. तो ४ आला तर ४, उणे २ आला तर उणे २, अनिश्चिततेसह तसाच नोंदवा. पुढे कोणी शंभर नमुन्यांची सरासरी काढायला बसेल तेव्हा त्या उणे आकड्यांशिवाय ती सरासरी वरच सरकलेली येईल.